एका बाल्सा शीटमध्ये तीन विमानं: कमी पैशात सुरुवात कशी करायची

रिमोटचं विमान आत्ता नको. हे वाचून निम्मी मंडळी इथेच सटकतील, सटकू देत. रिमोट आला की मोटर आली, बॅटरी आली, चार्जर आला, सर्वो (शेपटी-पंखाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आले, आणि एवढं सगळं जमवून पहिल्याच फ्लाइटला विमान नाकावर आपटलं की कित्येक महिने साठवलेला पॉकेटमनी दहा सेकंदात मातीत. मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतोय. त्यापेक्षा बाल्सा या हलक्या लाकडाचं, हाताने फेकायचं छोटं ग्लायडर, म्हणजे बिनमोटरचं विमान करा, ज्याला चक ग्लायडर म्हणतात. वजन १० ग्रॅमच्या आसपास, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३०० मिमी, एका दुपारी कापून घासून होतं, रात्रभर गम सुकतो, सकाळी उडवायला तयार. विमान का तरंगतं आणि का पडतं हे जे काही शिकायचं असतं ते सगळं यात आहे, उद्या रिमोट घेतलात तरी तेच लागणार.

आता सामान. १ मीटर लांब, १०० मिमी रुंद, २ मिमी जाड अशी बाल्साची एक शीट. आणि बॉडीसाठी ३ मिमी जाड, १२ मिमी रुंद, १ मीटर लांब अशी कडक बाल्साची एक पट्टी. बास. शीटच्या रुंदीत ६० मिमीची एक पट्टी काढायची, त्यातून ३०० मिमीचे तीन पंख निघतात आणि वर १०० मिमी तुकडा उरतो. राहिलेल्या ४० मिमीच्या पट्टीतून तिन्ही विमानांच्या शेपट्या निघतात. बॉडी २८० मिमीची, म्हणजे बॉडीच्या पट्टीतूनही तीन. एकाच्या सामानात तीन विमानं होतात आणि तिन्ही करायचीच आहेत. पहिलं वाकडं होणार, दुसरं बरं होणार, तिसरं उडणार. पहिलंच एकदम भारी करायला गेलात तर ते फेकायला हात उठत नाही, शोकेसमध्ये जातं, आणि मग शिकणं तिथेच थांबतं.

शीट निवडताना घाई नको

इथे थोडा वेळ घालवा, कारण अर्धं विमान दुकानातच बनतं. बाल्सा हे झाड मुख्यतः इक्वेडोरमधून येतं, भराभर वाढतं, आणि गंमत म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने ते हार्डवुडमध्ये मोडतं, नखाने दाबलं तरी खड्डा पडतो तो भाग वेगळा. बाल्सा या शब्दाचा स्पॅनिशमध्ये अर्थ तराफा. १९४७ साली थॉर हेयरडाल हा नॉर्वेचा प्रवासी आणि त्याचे साथीदार पॅसिफिक महासागरात ज्या कॉन-टिकी तराफ्यावरून गेले तो याच लाकडाच्या ओंडक्यांचा होता.

पण सगळा बाल्सा सारखा नसतो. दोन शीट शेजारी ठेवल्या, दिसायला जुळ्या बहिणी, तरी एकीचं वजन दुसरीच्या दुप्पट असू शकतं. म्हणून शक्य असेल तर छोटा डिजिटल काटा सोबत न्या, किचनमधला चालतो, फक्त १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. हिशोब सोपा आहे: आपली शीट १०० सेमी गुणिले १० सेमी गुणिले ०.२ सेमी, म्हणजे २०० घन सेंटीमीटर. तिचं वजन २० ते २४ ग्रॅम भरलं तर हलकी, ३२ च्या आसपास मध्यम, ४० च्या वर गेली तर कडक. पंखाला हलकी ते मध्यम घ्या, २४ ते २८ ग्रॅमची सापडली तर उत्तम. बॉडीची पट्टी मात्र मुद्दाम कडक घ्यायची. काटा नसेल तर एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी असं तोलून पाहा, एवढा फरक हाताला कळतो.

मग रेषे बघा. लाकडाचे रेषे शीटच्या लांबीला समांतर सरळ जायला हवेत, तिरके जात असतील तर पंख तिथूनच मोडणार. काही शीटवर मधूनमधून चमकदार ठिपके, माशाच्या खवल्यासारखी नक्षी दिसते, तिला सी-ग्रेन म्हणतात. अशी शीट आडवी वाकत नाही, वाकवली तर तडकते, आणि म्हणूनच सपाट पंखाला आणि शेपटीला ती झकास. ज्या शीटवर नुसत्या लांब लांब रेघा आहेत आणि जी रुंदीत सहज गोल वळते ती ए-ग्रेन, नळी वगैरे करायला चांगली, आपल्या कामाची नाही. शेवटी शीट डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघा, पिळलेली असेल तर परत ठेवा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

हत्यारं, म्हणजे घरातच असलेली

ब्लेड बदलता येणारा कटर, स्टीलची पट्टी, गुण्या, पेन्सिल, टाचण्या, मास्किंग टेप, आणि पॉलिश पेपर १५०, २४० आणि ४०० नंबरचा एकेक. कटिंग मॅट नको, जाड पुठ्ठा घ्या, खराब झाला की उलटा करा. पैसे वाचवायचे नाहीत ते फक्त एका गोष्टीत, ब्लेड. बोथट ब्लेड बाल्सा कापत नाही, चेचतं. टोक जरा गेलं की तोडून पुढचं काढा, आणि तोडलेले तुकडे जुन्या डबीत टाका, कचऱ्यात सुटे नकोत.

गम म्हणजे सुतारकामाचा साधा पांढरा गम. सुपरग्लू फटाफट चिकटतो हे खरं पण तो महाग पडतो, त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात, सांधा जरा वाकडा लागला तर सरळ करायला वेळच देत नाही, आणि सुती कपड्यावर सांडला तर जोरात तापतो, चटका बसतो. मैदानावर दुरुस्तीला एक छोटी ट्यूब खिशात असू दे, बांधायला पांढराच.

रंग नाही. परत सांगतो, रंग नाही. माझ्या पहिल्या ग्लायडरला मी हौसेने घरात उरलेला ऑइलपेंट दोन हात मारला होता, दिसायला लाखात एक, फेकलं तर दगड. १० ग्रॅमच्या विमानाला ४ ग्रॅम रंग म्हणजे काय ते तुम्हीच बघा. नाव टाकायचं तर स्केचपेनने टाका.

कापणं

मापं अशी. पंख ३०० बाय ६०. आडवी शेपटी १०० बाय ४०. उभी शेपटी ४० बाय ४०. बॉडी २८० लांब, नाकाकडे पूर्ण १२ मिमी उंच ठेवायची आणि पंखाच्या मागून हळूहळू निमुळती करत शेवटी ५ मिमी, पण हा उतार खालच्या बाजूने काढा, वरची कड सरळच राहू दे कारण पंख आणि शेपटी त्यावरच बसणार.

रेषांची दिशा चुकवू नका: पंखाचे रेषे टोकाकडून टोकाकडे, आडव्या शेपटीचेही तसेच, आणि उभ्या शेपटीचे रेषे उभे. ४० मिमीच्या पट्टीतून कापताना हे आपोआप जमतं, पट्टीची लांबी ती रेषांची दिशा.

कापताना एकाच दमात जोर लावायचा नाही. पहिला हात नुसती रेघ मारल्यासारखा, मग दुसरा, तिसरा, चौथ्या हाताला तुकडा सुटतो. स्टीलची पट्टी नेहमी जो तुकडा हवाय त्याच्यावर ठेवायची, म्हणजे ब्लेड भरकटलं तरी टाकाऊ बाजूला जातं, आणि ते भरकटतंच कारण रेषे त्याला आपल्या बाजूला ओढतात. रेषांना आडवं कापताना शेवटच्या कडेचा टवका उडतो, म्हणून तिथे आधी उलट बाजूने एक छोटा काप देऊन ठेवा. दुसऱ्या हाताची बोटं ब्लेडच्या वाटेत नाहीत ना हे दर वेळी बघायचं, दर वेळी म्हणजे दर वेळी.

पंखाची टोकं पुढच्या बाजूने जरा गोल करा, पुठ्ठ्याचा साचा करून दोन्हीकडे तोच वापरला की सारखी येतात. आणि मग पंख मधोमध कापून १५० चे दोन तुकडे करा.

घासणं, इथेच विमान बनतं

पॉलिश पेपर बोटाने धरून घासू नका, खड्डे पडतात. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला चिकटवून घ्या. तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधा, बाल्साची भुकटी पिठासारखी बारीक असते आणि नाकात गेली की दिवसभर शिंका.

पंखाची खालची बाजू सपाटच ठेवायची. वरच्या बाजूला पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे २० मिमीवर, पेन्सिलने रेघ मारा. ही सगळ्यात जाड जागा, इथे पेपर लावायचा नाही. तिथून मागे उतार काढत न्यायचा, मागची कड पोस्टकार्डाएवढी पातळ व्हायला हवी, आणि रेघेच्या पुढे छोटासा गोल उतार, पुढची कड गोलसर. पंखाची मागची कड टेबलाच्या कडेशी जुळवून घासलं तर ती मोडत नाही. आधी १५०, मग २४०, शेवटी ४०० चे दोन हात. दोन्ही अर्धे पंख काट्यावर ठेवून बघा, जो जड तो अजून थोडा घासा.

शेपट्या २ मिमी जाड ठेवल्या तर मागचा भाग जड होतो. दोन्ही बाजूंनी घासून १ मिमीच्या आसपास आणा. कंटाळवाणं काम आहे पण मागचा एक ग्रॅम वाचला की नाकातला दीड-दोन ग्रॅम वाचतो, कारण शेपटी बॅलन्सच्या जागेपासून नाकापेक्षा जास्त लांब असते. तिन्ही विमानांचं घासकाम एकदमच करून टाकलं तर बरं असं वाटेल, पण नको, पहिलं उडवून बघा आणि मग दुसऱ्याला हात घाला.

पंखाचा व्ही

समोरून बघितलं तर पंख सपाट नसतात, टोकं वर उचललेली असतात, याला डायहेड्रल म्हणतात. विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरायला लागतं, आणि टोकं वर असल्यामुळे खालच्या पंखाला हवा जास्त मिळून विमान परत सरळ होतं. आपल्या ग्लायडरवर पायलट नाही, त्यामुळे हे काम पंखाच्या आकारानेच करायचं.

एक अर्धा पंख टेबलावर सपाट ठेवायचा, दुसऱ्याचं टोक ५० मिमी वर टेकवायचं, पुस्तकांची चळत लावली की झालं. आता मधल्या कडा एकमेकींना नीट टेकणार नाहीत, फट राहणार, म्हणून त्या कडा तिरक्या घासाव्या लागतात. अर्धा पंख टेबलाच्या कडेला ठेवा, त्याचं टोक २५ मिमी वर उचला, आणि ठोकळा अगदी उभा धरून मधली कड घासा. दुसऱ्या अर्ध्याचंही तसंच. फट उरली नाही की गम.

गम दोनदा लावायचा. कापलेल्या टोकाकडचं लाकूड स्ट्रॉसारखं गम पिऊन टाकतं, मग सांध्यात काही उरतच नाही. म्हणून आधी पातळ हात चोळून दहा मिनिटं ठेवा, मग दुसरा हात देऊन जोडा. खाली प्लॅस्टिकची पिशवी पसरा, नाहीतर पंख टेबलाला चिकटेल. आणि रात्रभर हात लावू नका, सकाळी बघू की चिकटलंय का असं म्हणत दर अर्ध्या तासाने हलवून बघणारे आपण सगळेच आहोत, तरी नका.

जोडणी

नाकापासून ७५ मिमीवर पंखाची पुढची कड येईल. पंखाला व्ही आहे म्हणून बॉडीची वरची कड तिथे किंचित दोन्हीकडे उतरती घासा, म्हणजे पंख डगमगणार नाही. आडवी शेपटी बॉडीच्या अगदी मागच्या टोकावर, उभी शेपटी तिच्या मधोमध. टाचण्या आणि टेपने धरून ठेवा, पण गम सुकायच्या आत तपासणी करायची. समोरून एक डोळा मिटून बघा, दोन्ही पंखांची टोकं आडव्या शेपटीपासून सारखीच वर दिसली पाहिजेत. वरून बघताना बॉडीच्या शेपटीकडच्या टोकाला टाचणी लावून दोरा बांधा, तो एका पंखाच्या टोकापर्यंत ताणून खूण करा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन बघा, खूण जुळली तर पंख सरळ बसलाय. सांध्यावर बोटाने गमाची बारीक गोलाई द्या, ढीग नको, गमसुद्धा जडच असतो.

बॅलन्स

पंखाच्या पुढच्या कडेपासून २२ मिमी मागे, पंखाखाली दोन्हीकडे पेन्सिलने ठिपका मारा. दोन बोटांच्या टोकांवर त्या ठिपक्यांवर विमान तोला. शेपटी खाली जाईल, जायलाच हवी. नाकाला क्ले (मुलांची खेळायची मऊ माती) लावत जा, साधारण २ ग्रॅममध्ये विमान आडवं तरंगेल. हे न करता फेकू नका. जॉर्ज केली नावाच्या इंग्लिश माणसाने १८०४ साली साध्या काठीवर पतंगासारखा पंख आणि मागे हलवता येणारी शेपटी लावून ग्लायडर केलं, तेव्हा त्यानेही पुढे सरकवता येईल असं वजन ठेवलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत या कामात काही बदल नाही.

उडवायला जाताना

वारा नसेल तेव्हाच, म्हणजे पहाटेनंतर लगेच किंवा सूर्य मावळायच्या जरा आधी. जागा उंच गवताची असेल तर सोनं. विजेच्या तारा, रस्ता, गर्दी आणि विमानतळाचा परिसर टाळा.

पहिल्या वेळी फेकायचं नाहीच, सोडायचं. खांद्याच्या उंचीवर पंखाच्या मागे बॉडी धरा, नाक किंचित खाली, समोर पाच-सात मीटरवरच्या जमिनीकडे रोख, आणि नुसतं पुढे ढकलून सोडा. मग बघा.

नाक वर, थांबल्यासारखं, मग डुबकी, परत नाक वर, अशा लाटा मारत गेलं तर तो स्टॉल. नाकाला क्लेचा कण वाढवा, ज्वारीच्या दाण्याएवढा, जास्त नाही. सरळ नाकावर खाली गेलं तर क्ले काढा, किंवा आडव्या शेपटीची मागची कड किंचित वर वाकवा. वाकवायचं म्हणजे आधी त्यावर तोंडाने गरम वाफ सोडायची, आरसा पुसताना सोडतो तशी, मग बोटांनी हळू वळवून दहा सेकंद धरायचं. एका बाजूला वळत वळत पडत असेल तर मागून पंख बघा, एखादा पिळला असेल, त्यालाही हाच वाफेचा उपाय. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीन वेळा सोडून बघायचं. मी एकदा वैतागून क्ले, शेपटी आणि पंख तिन्ही एकदम बदललं आणि मग संध्याकाळभर कशामुळे काय होतंय तेच कळेना.

सरळ आणि सावकाश जायला लागलं की उभ्या शेपटीची मागची कड जेमतेम १ मिमी डावीकडे वाकवा, विमान मोठ्या डाव्या वर्तुळात जाईल. आता खरं फेकणं. उजव्या हाताने फेकणाऱ्याने वारा समोरून थोडा डावीकडून येईल असं उभं राहायचं, विमान उजवीकडे ३० ते ४५ अंश कलतं धरायचं, आणि चेंडू लांब फेकतो तसं वर फेकायचं. ते उजवीकडे कलत चढतं, वर जाऊन वेग संपला की स्वतःहून डावीकडे वळतं आणि घिरट्या घालत उतरतं. डावखुऱ्यांनी सगळं उलट करायचं. सुरुवातीला अर्धाच जोर लावा, आणि वर जाऊन स्टॉल झालं तर लगेच क्ले वाढवू नका, फेकण्याचा कोन आणि कल थोडा बदलून बघा, बऱ्याचदा चूक हाताची असते.

पंख मोडला तर रडू नका, बाल्सा मोडतो तिथे दाते पडतात आणि ते एकमेकांत परत बसतात, गम लावा, टेपने धरा, झालं. दुरुस्तीनंतर बॅलन्स परत तपासायचा एवढंच. घरी आल्यावर विमान खिडकीत उन्हात भिंतीला टेकवून ठेवू नका, माझं एक चांगलं उडणारं ग्लायडर असं एका दुपारीत पापडासारखं वळलं होतं. दोरीने आडवं टांगा किंवा बुटाच्या खोक्यात ठेवा.

तिसरं ग्लायडर चांगलं उडायला लागलं की त्यावर फोन नंबर लिहून ठेवा, कारण तापलेल्या मैदानावरून वर जाणाऱ्या हवेत ते सापडलं तर १० ग्रॅमचं विमान उतरायचं नाव घेत नाही आणि दुसऱ्याच्या गच्चीवर जाऊन बसतं.

त्यानंतर रबरबँड

पुढची पायरी रबरावर चालणाऱ्या पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं विमान. ही पद्धत अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसमध्ये उडवून दाखवली होती, आणि राईट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणंही पेनोच्याच धाटणीचं, पिळलेल्या रबरावर चालणारं होतं. नवशिक्यांसाठी डेल्टा डार्ट नावाचा डिझाइन बघा, त्यात काड्या थेट पातळ कागदावर चिकटवायच्या असतात आणि नकाशा त्या कागदावरच छापलेला असतो, त्यामुळे माप चुकायला फारसा वाव नाही.

यात दोन गोष्टी नवीन. पंखा एका दिशेला फिरतो तेव्हा विमान उलट दिशेला, म्हणजे बहुतेक वेळा डावीकडे कलतं, म्हणून पंख्याचा आस किंचित उजवीकडे आणि किंचित खाली रोखलेला ठेवतात. आधी रबर न पिळता नुसतं तरंगवून ट्रिम करायचं, म्हणजे सरळ जाईपर्यंत जुळवून घ्यायचं, मग थोडेच पीळ देऊन उडवायचं, आणि त्यानंतर काही बिघडलं तर पंख-शेपटीला हात न लावता फक्त पंख्याच्या आसाचा कोन बदलायचा.

दुसरं म्हणजे पीळ देणं. रबर जागच्या जागी पिळलं तर लवकर तुटतं. एकाने पंखा धरायचा, दुसऱ्याने मागचं टोक सोडवून रबर तिप्पट-चौपट लांब ओढायचं, तसंच ताणून निम्मे पीळ द्यायचे आणि उरलेले देत देत हळूहळू जवळ यायचं. तोंड बाजूला ठेवा, रबर तुटलं तर सणकून लागतं. आधी रबराला सिलिकॉनचं तेल किंवा साबणाचं पाणी आणि ग्लिसरीन चोळून घ्या, व्हॅसलिन लावू नका, ते रबर खातं.